न उघडलेल्या डबीचा गुण

तीर्थस्वरूप वन्संच्या पायांशी मोठ्या भावजयीचा नमस्कार. इकडे देवाच्या दयेने सगळी माणसे जागच्या जागी आहेत. तुमच्या दोघां भावांतले थोरले (म्हणजे आमचे हे) सध्या शिंकत असतात, पण त्याचे कारण पुढे येईल. तुमचे गुडघे काय म्हणतात? तेल चोळता की बाटली नुसती उशाशी ठेवता? सूनबाई, नातू मजेत असतील. नातवाला माझा पापा द्या, सूनबाईंना आशीर्वाद.

तुमचे पत्र मंगळवारी पोचले. फोन न करता पत्र लिहिलेत ते फार चांगले केलेत. आमच्याकडे फोन मी उचलते, पण ऐकतात सगळे. तुम्ही विचारता की तुमच्या ओळखीतल्या एका बाईंच्या रक्ताच्या पहिल्या तपासणीत एचआयव्ही असल्याचे आले आहे, त्या दुसऱ्या तपासणीला जायला तयार नाहीत, त्यापेक्षा आमच्याकडच्या डबीवाल्याचे चूर्ण मागवावे म्हणतात, तर मी त्याच चूर्णाने बरी झाले हे खरे का? वन्सं, एका शब्दात उत्तर आहे, नाही. हा शब्द त्या बाईंना आजच्या आज सांगा, बाकीचे पत्र सावकाश वाचा. पण नुसत्या 'नाही'ने कुणाचे समाधान होत नाही (आणि कागदाच्या साडेतीन बाजू कोऱ्या जातात, ते मला बघवत नाही), म्हणून पहिल्यापासून लिहिते.

समोरच्या शाळेत रक्तदान होते. रक्त देणाऱ्याला एक थर्मास फुकट. हे आदल्या दिवसापासून बाह्या वर करून तयार होते, पण तिथल्या डॉक्टरांनी यांचे ब्लडप्रेशर पाहून परत पाठवले. घरातून एक माणूस गेला आणि थर्मास न घेता आला, हे काही मला पटेना. देवाला नमस्कार केला, पदर खोचला आणि यांच्या जागी मी गेले. रक्त दिले, बिस्किटे खाल्ली (दोन पुडे देत होते, एक घरी आणला), थर्मास घेतला. पुण्यही झाले आणि वस्तूही आली, असा योग फार क्वचित येतो, अशा आनंदात आठ दिवस गेले. नवव्या दिवशी रक्तपेढीतून फोन आला की एकदा येऊन जा, फोनवर सांगण्यासारखे नाही. मी लगेच ओळखले. यांच्या नावावरचा थर्मास मी आणला, ते त्यांच्या लक्षात आले असणार! मी थर्मास घासला, उन्हात वाळवला, मूळ खोक्यात घातला आणि घेऊन गेले. तिथल्या बाई मला आतल्या खोलीत नेऊन, दार लोटून, माझा हात हातात घेऊन हळूहळू बोलत होत्या आणि मी मधेमधे खोके पुढे सरकवत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, थर्मास नको, तुम्ही नीट ऐका." मग ऐकले. वन्सं, नंतर तो थर्मास मी कसा घरी आणला ते मला आजही आठवत नाही.

घरी आल्यावर यांना सगळे सांगितले. रक्तात एचआयव्ही असल्याची शंका आली आहे, सरकारी दवाखान्यात पुन्हा तपासायचे आहे. तुम्ही या माणसाला लहानपणापासून ओळखता, साधी मीठ-साखरेची अदलाबदल झाली तर दहा प्रश्न विचारतात. मी मनात दहा उत्तरे जुळवून उभी होते. सव्वीस वर्षांचा संसार, मी घर आणि देऊळ सोडून कुठे जात नाही, दातांच्या डॉक्टरकडे दोनदा गेले, इंजेक्शन एकदा घेतले, सगळी यादी तयार. यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि एवढेच विचारले, "चहा घेणार का?" आणि स्वतः केला. (पातेले करपवले. ते अजून निघालेले नाही, पण मी काही बोलले नाही.) देवाने मला काय काय दिले याचा हिशेब मी कधी मांडत नाही, पण तो चहा मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सरकारी दवाखान्यातल्या तपासणी केंद्रात गेलो, नंबर येईपर्यंत बाहेरच्या बाकावर शेजारी बसलो. तिथे एक चष्मेवाली बाई आहे, वयाने माझ्या मुलीसारखी, पण बोलणे आजीसारखे. तिने दोघांचे रक्त घेतले. यांचे निर्मळ निघाले. माझे एका तपासणीत हो, दुसऱ्यात नाही, म्हणजे सासरही नाही आणि माहेरही नाही. ती म्हणाली, चौदा दिवसांनी परत या, तोवर काही ठरवू नका. चौदा दिवस काही न ठरवणे म्हणजे काय, ते ज्याने काढले त्यालाच कळेल. मी देवाला नवस बोलले की सुटले तर चहातली साखर कायमची सोडेन. (नवस बोलावा तर झेपेल असाच बोलावा.) रात्री सगळे झोपले की मी माझे ताट, वाटी, पेला वेगळे ठेवायची. सकाळी उठून बघावे तर यांनी ते परत सगळ्यांच्या भांड्यांत मिसळून ठेवलेले. आमची या विषयावर कधी बोलणी झाली नाहीत. भांड्यांची जा-ये तेवढी चौदा दिवस चालली.

आता तुमचे धाकटे बंधू. भाऊजींना हे कळले आणि त्यांच्या अंगात वैद्य संचारला. त्यांच्या मोबाईलवर जगातले सगळे ज्ञान सकाळी सहाला येते. त्यांनी आधी असा शोध लावला की सव्वीस वर्षे एकत्र राहून दादाला काही झाले नाही, त्या अर्थी दादाच्या रक्तातच जन्मजात कवच आहे, असे लाखात एक माणूस असते. मी म्हटले, भाऊजी, मुळात मलाच काही आहे की नाही ते ठरायचे आहे. पण कोण ऐकतो! यांनाही ते कुठेतरी गोड लागले असावे. लाखात एक म्हणवून घ्यायची संधी या वयात कुणाला मिळते? त्यांनी मफलर सोडला, पहाटे गार पाण्याने अंघोळ सुरू केली आणि चौथ्या दिवशी जे शिंकायला लागले ते आजतागायत. कवच आहे ते एचआयव्हीसाठी, सर्दीसाठी वेगळे लागते, असे त्यावर भाऊजींचे म्हणणे.

मग भाऊजींनी ती डबी आणली. डबीवाले बाजारात गल्ल्यावर बसतात, कपाळ मोठे, आवाज त्याहून मोठा, पाच आठवड्यांत एचआयव्ही मुळासकट काढतो म्हणतात. रोज सकाळी एक चमचा घ्यायचा, भाऊजी समोर उभे राहून बघणार. आता वन्सं, आपल्या घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या आईंनीच मला लावलेली. जुने संपल्याशिवाय नवे फोडायचे नाही. फळीवर यांच्या पोटाच्या चूर्णाची बाटली अर्धी होती. तेही चूर्ण, हेही चूर्ण, रंग सारखा. मी रोज त्या बाटलीतले एक चमचा घेत होते आणि भाऊजी समाधानाने मान डोलावत होते. नवी डबी लाल कागदाच्या सीलसकट फळीवर. (तेवढे दिवस माझे पोट जितके साफ राहिले तितके लग्नानंतर कधी राहिले नव्हते, हे मात्र खरे.)

पंधराव्या दिवशी केंद्रात गेलो. तीनही तपासण्या कोऱ्या. चष्मेवाली बाई हसून म्हणाली, काकू, तुम्हाला काही नाही, आणि आधीही काही नव्हते. मी विचारले, मग पहिल्यांदा कसे आले? तिने विचारले, तुम्ही धान्य निवडता ना? शंका आली की दाणा बाजूला काढता, की खडा म्हणून लगेच फेकता? मी म्हटले, बाजूला काढते, मग उजेडात धरून बघते. म्हणाली, रक्तपेढीची पहिली तपासणी म्हणजे नुसते बाजूला काढणे. एक खडा सुटू नये म्हणून दहा चांगले दाणे बाजूला गेले तरी चालतात. उजेडात बघणे ते आमचे काम. वन्सं, मी मॅट्रिकपर्यंत शिकले, पण इतके सोपे मला शाळेत कुणी सांगितले नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि देवाला म्हटले, तू आहेस, आणि तू सरकारी नोकरीतही आहेस.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण भाऊजी दारातच उभे होते. निकाल ऐकून ते रडले हो, अगदी लहान पोरासारखे, आणि म्हणाले, "वहिनी, डबीने वाचवलं!" त्या रडण्यापुढे माझे तोंड उघडेना. मग डबीवाले घरी आले, माझ्या हातात डबी देऊन फोटो काढला, कागद छापले, दुकानादुकानांत वाटले. चार बायका पाया पडून गेल्या. खोटे कशाला बोलू, माझ्या डोक्यात थोडी हवा गेली. तीन आठवडे मी गप्प बसले. या सगळ्यात माझी चूक कुठली असेल तर ती हीच, रक्तातली नव्हे.

चौथ्या आठवड्यात आमची इस्त्रीवाली कपडे घेऊन आली. गठ्ठा ठेवला, दार लावले आणि म्हणाली, "वहिनी, त्या डबीवाल्याला माझ्यासाठी एक शब्द टाका. गोळ्या सोडते मी आता." मला काही कळेना. मग कळले की ती चार वर्षे त्याच केंद्रातून त्याच रोगाच्या गोळ्या घेते आहे, आणि शेजारीपाजारी कुणाला पत्ता नाही. तिची शाळेत जाणारी मुलगी आहे. गेल्या तपासणीत तिच्या रक्तात विषाणू सापडलाच नाही, म्हणजे रोग गेलाच, उरलासुरला डबी काढेल, असा तिचा हिशेब. वन्सं, मी उठले, फळीवरची डबी काढून तिच्या हातात दिली. म्हटले, सील बघ. तिने बघितले, मग त्या छापील कागदावरचा माझा फोटो बघितला. फोटोतही लाल सील ठसठशीत दिसते आहे, अख्ख्या बाजाराने बघितले आणि एकाच्याही लक्षात आले नाही!

"मग तुम्ही बऱ्या कशाने झाला?"

"मला काही झालंच नव्हतं गं."

तिने डबी परत फळीवर ठेवली. "म्हणजे चौदा दिवस फुकट रडलात?"

"फुकट."

"तुम्ही, आणि फुकट काही वाया घालवलंत?" म्हणाली, आणि आम्ही दोघी जे हसलो ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मी तिच्याबरोबर केंद्रात गेले. चष्मेवाली बाई तिला म्हणाली, विषाणू सापडत नाही तो गोळ्यांमुळे. गोळ्या थांबल्या की तो परत येणार. इस्त्रीवालीने तिथल्या तिथे पाणी मागून घेतले आणि त्या दिवसाची गोळी घेतली.

घरी येऊन मी भाऊजींना सील दाखवले. ते तसेच उठले आणि डबीवाल्यांना हाताला धरून घरी घेऊन आले. डबीवाले जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "ताई, आमची डबी घरात नुसती असली तरी गुण येतो." त्यावर हे शिंकता शिंकता म्हणाले, "मग ती तुमच्या दुकानातच राहू द्या, सगळ्या गावाला तिथूनच गुण येईल." पुढचे दोन दिवस भाऊजी उन्हातान्हात दुकानोदुकानी फिरून कागद गोळा करत होते आणि प्रत्येक ठिकाणी सांगत होते, चूक माझी, वहिनींना काही झालेच नव्हते. असा दीर मिळायला भाग्य लागते. (त्या कागदांची मागची बाजू कोरी आहे. हे पत्र त्यावरच लिहिले आहे. माझ्या फोटोकडे लक्ष देऊ नका.)

तर देवाचे, यांचे, भाऊजींचे, चष्मेवालीचे आणि इस्त्रीवालीचे उपकार मानून पत्र पुरे करते. गुडघ्यांना जपा. लोभ आहेच, तो वाढवायला जागा असेल तर वाढवा.

तुमची,
मोठी भावजय

ता. क. यांना अजून वाटते की आपण लाखात एक आहोत. मी काही म्हणत नाही. मफलर मात्र परत गुंडाळला आहे.

आणखी ता. क. परवा तुमच्या सूनबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, आई महिनाभर आपले ताट वेगळे घासतात, नातवाला जवळ घेत नाहीत, विचारले तर चिडतात. वन्सं, तुमच्या ओळखीच्या बाई मला तुमच्या पत्राच्या पहिल्या पानावरच ओळखू आल्या. रक्त घेताना सुई कुठल्या हाताला टोचली आणि डॉक्टर कागदाकडे बघून किती वेळ गप्प होते, इतके परक्या बाईबद्दल कुणाला ठाऊक नसते. दुसरी तपासणी माझ्यासारखीच कोरी येईल, असे मी लिहिणार नाही, ते माझ्या हातात नाही. कोरी आली तर हसू. नाही आली तर गोळ्या आहेत, आणि आमची इस्त्रीवाली त्या घेऊन दिवसभर उभ्याने इस्त्री करते. नातवाला आजच मांडीवर घ्या. ताटाने, पाप्याने काही लागत नाही, हे चष्मेवालीने मला दोनदा सांगितले आहे.

शेवटचे. शनिवारी सकाळच्या गाडीने मी येते, सोमवारी आपण तिकडच्या केंद्रात जाऊ. घरात विचारतील म्हणून यांना एवढेच सांगितले की वन्संना कपाटे आवरायला मदत हवी आहे. हे म्हणाले, "मीपण येतो. मला कपाटातलं काही कळत नाही, पण ताईशेजारी बाकावर बसता येतं." मी त्यांना काही सांगितलेले नाही, देवाशपथ. दोघांसाठी अंथरूण घालून ठेवा.