दादाच्या रॉकच्या रेकॉर्डी

डोंगरकडा, १९७४

दादा,

तू मुंबईहून रॉकच्या रेकॉर्डी मागून राहिलास. त्याच गोंगाटापायी बाबांशी भांडून तू घर सोडलंस. तेव्हापासून त्यांनी तुझं नावही काढलं न्हाई.

परवा मी बाजारातून लवकर आलो, तर बाबा दार लावून तुझीच एक रेकॉर्ड ऐकत होते. गिटारीसंगं त्यांची पागोट्यासकट मान हलत होती.

"बाबा, हे काय?"

"पोरगं काहून गेलं, ते समजून घेऊन राहिलो."

"समजलं?"

"अजून न्हाई. दुसरी बाजू लाव."

कुणाला सांगू नको म्हणून त्यांनी शपथ घातली. त्यामुळे हे पत्र पेटीत टाकत न्हाई. दुसऱ्या पत्रात एवढंच लिहितो: रेकॉर्डी पाहिजेत तर स्वतः येऊन ने.

तुझा धाकटा,
उकंडा