शंभर वर्षांचे झाड आणि माझा उजवा हात

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार, पण तो मनातल्या मनात घातला आहे असे समज. माझा उजवा हात पट्टीत आहे, त्यामुळे मी सांगतो आहे आणि ही लिहिते आहे. तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालतेस ना? इकडे सर्व सुखरूप असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहितो. वस्तुस्थिती तशी नाही. (वन्सं, माझाही नमस्कार. वस्तुस्थिती तशीच आहे. एक काटा गेला होता, तो निघाला. कंसातले सगळे माझे समजावे, त्यांना मी ते वाचून दाखवत नाही.)

येत्या रविवारी तुझ्या शाळेच्या पंचाहत्तरीला माझे ‘एकदाच फुलणारे’ हे व्याख्यान ठरले आहे, आणि ते मी देऊ शकेन की नाही अशी शंका मला आयुष्यात प्रथमच आली आहे. सव्वीस वर्षे मी ते देत आलो. तुला तर ते पाठ असेल. शंभर वर्षे मुक्याने तप करणारी ती नाजूक शतवर्षा (वन्सं, हे नाव ह्यांनीच ठेवलेले), जिला ना कीर्तीची हाव ना टाळ्यांची, ती एकदाच फुलते आणि मागे काहीही न ठेवता निघून जाते. या वाक्याला लोक डोळे पुसतात. तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मुद्दाम लिहिले आहे, दुसरा कोणताही विषय नको, हाच हवा. एवढे लक्षात ठेवून पुढचे वाच, म्हणजे तुझाही संताप होईल.

आमच्या वाचनालयाची सहल यंदा शहराबाहेरच्या त्या अवाढव्य वनस्पती उद्यानात गेली. कल्पना ग्रंथपालांची. हा मनुष्य पुस्तकांना क्रमांक घालता घालता आता माणसांनाही घालू लागला आहे. बसमध्ये मी सतरा होतो. दोन तास हाडे खिळखिळी झाल्यावर फाटक आले आणि तिकिटाबरोबर एक नकाशा हाती पडला. हिरव्या कागदावर हिरवी शाई. तळे हिरवे, रस्ते हिरवे, ‘आपण येथे आहात’ हा ठिपकाही हिरवा. खिडकीतल्या इसमाला मी म्हणालो, की हा नकाशा नव्हे, ही शेवाळाची तसबीर आहे. त्यावर तो म्हणाला, "आजोबा, बाण बघत जा." मी कोणाचाही आजोबा नाही. तरी बाण बघत गेलो. ‘बहर इकडे’ या बाणामागून अर्धा तास चालल्यावर एक झुडूप भेटले, आणि त्याच्या गळ्यात पाटी होती: बहर गेल्या आठवड्यात संपला. ज्या देशात बाणसुद्धा खोटे बोलतात तिथे माणसांना दोष देण्यात काय अर्थ आहे?

चालवत नाही अशांसाठी तिथे बॅटरीवरची गाडी असते. ही तीत जाऊन बसली. मी पायरीवर पाऊल ठेवले तर मला म्हणाली, "तुम्ही नका. गेल्याच महिन्यात ‘पायी चालणारा समाज’ यावर दीड तास बोललात. मी होते तिथे." (म्हणाले होते. शिवाय गाडीत एकच जागा होती.)

आता पाट्यांचे ऐक. प्रत्येक झाडापाशी पाटी, पाटीवर वर परक्या लिपीत लांबलचक नाव, आणि आपल्या भाषेतले नाव खाली मुंगीएवढ्या अक्षरांत. म्हणजे जनतेच्या बागेत जनतेने आपलीच भाषा वाकून वाचायची. मी जागच्या जागी निषेध नोंदवला आणि जाहीर केले, की आज मी एकाही पाटीपुढे वाकणार नाही. ताई, निर्णय बाणेदार होता, पण त्यानेच माझा घात केला.

दुपारी सगळे थकून एका दगडी कट्ट्यासमोर सावलीत बसले. ग्रंथपाल म्हणाले, "सर, भोवती झाडंच झाडं आहेत. तुमचं ते शतवर्षा होऊन जाऊ दे." मी नको म्हणालो. (कट्ट्यावर चढता चढता म्हणाले.) माझ्या मागे कसलेसे आडदांड, राखाडी, तलवारीसारख्या जाड पानांचे बेडौल बेट माजले होते आणि त्याच्या मधोमध एक उंच खांब होता. दिव्याचा असावा असे मी धरून चाललो. त्या गबाळ्या झुडपाकडे पाठ केली आणि बोलू लागलो. रंग असा भरला की काय सांगू. सगळे श्रोते माझ्या डोक्यावरून वर पाहत होते. त्यांची दृष्टी मी शब्दांनी आकाशाकडे नेली, असे मला वाटले. "आणि मग, मित्रहो, शंभर वर्षांनी ती फुलते," या वाक्याला माझा उजवा हात मागे झेपावतो, हे तुला ठाऊक आहे. तो झेपावला. पानाच्या टोकाचा काटा तळहातात नखभर आत गेला. माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो शंभर वर्षांच्या मौनाला शोभणारा नव्हता, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो व्याख्यानातलाच वाटला.

फक्त पलीकडे तण काढणारी एक माळीणबाई उठून आली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कमरेला कात्री. "हलू नका काका," म्हणत तिने काटा उपसला, हातावर पाणी ओतले आणि मग विचारले, "बोलत छान होता. पण कुठल्या झाडाचं चाललं होतं?"

"शतवर्षेचे," मी म्हणालो. "शंभर वर्षांनी एकदा फुलते ती."

"मग ह्याचंच की. घायपात. तुमच्या डोक्यावर फुललंय."

मी वर पाहिले. दिव्याच्या खांबाला फांद्या होत्या, फांद्यांना पिवळे झुबके होते, आणि झुबक्यांवर मधमाश्या.

घायपात, ताई. शेळ्यांनी आत शिरू नये म्हणून बांधावर लावतात ती. मी बाईला निक्षून सांगितले, की शंभर वर्षे असे ग्रंथात छापलेले आहे. ती म्हणाली, "असेल. हे मी लावलंय. धाकटी पोटात होती तेव्हा. ती आता अठराची आहे." मी म्हणालो, हा अपवाद असेल. "तिकडं आणखी अकरा अपवाद आहेत," ती म्हणाली, "दोन गेल्या वर्षी फुलले." मग शेवटचा बुरूज म्हणून मी विचारले, पण फुलल्यावर मरते ना, मागे काही न ठेवता? "मरतं तर. पण मागे काही नाही कसं? खाली बघा." बुंध्याभोवती पंधरा-वीस पिल्ले उभी होती, आईसारखीच काटेरी. "ही खणून खणून माझी कंबर गेली," बाई म्हणाली. "मागे काही ठेवलं नसतं तर उपकार झाले असते."

माझे एकतीस श्रोते हसले. (तीस. मी नंतर हसले, गाडीत.)

निघताना कचेरीत तक्रारवही मागवली आणि हिला चार पाने सांगितली. नकाशा, बाण, पाट्या, आणि सर्वांत शेवटी ते झाड, जे ग्रंथांशी उघड उघड वैर धरून उभे आहे. तिथला कारकून वाचून म्हणाला, "काका, त्या झाडापाशी पाटी आहे की, काटे आहेत, हात लावू नये." मी विचारले, किती मोठ्या अक्षरांत? म्हणाला, "हातभर. तुम्ही तिच्याकडे पाठ करून बोलत होतात." अशा व्यवस्थेपुढे शहाण्या माणसाने काय बोलावे?

माणसे तत्त्वाला जागत नाहीत हे मी आयुष्यभर सोसले. पण ज्याची बाजू मी सव्वीस वर्षे शेकडो सभांत मांडली, त्याने पाठीमागून वार करावा? मी डगमगणारा नाही. रविवारी येणार, हात गळ्यात बांधून येणार, आणि एक अक्षरही न बदलता तेच व्याख्यान देणार. सत्य एका घायपातीहून मोठे असते.

तुझा,
धाकटा

ता.क. व्यासपीठावर कुंड्या मांडणार असतील तर माझ्या उजव्या हाताला नकोत.

आणखी ता.क. हे मी स्वतः डाव्या हाताने लिहितो आहे, ही चहा करायला आत गेली आहे. ताई, तू त्याच शाळेत बत्तीस वर्षे मुलांना झाडेपाने शिकवलीस. माझे हे व्याख्यान तू नऊ वेळा ऐकलेस, आणि नऊही वेळा घरी येऊन एवढेच म्हणालीस, "आवाज छान लागला होता." काल हे आठवले आणि कान तापले. का बोलली नाहीस, हे विचारत नाही. लहानपणी मला कोणी मध्येच अडवले की मी जेवत नसे, हे तूच सगळ्यांना सांगतेस. आता मी एकसष्ट वर्षांचा आहे. जेवीन.

तेव्हा खरी विनंती अशी. रविवारी खाली बसू नकोस, वर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बस. मी चुकलो की उठ आणि सगळ्यांसमोर सांग, वर्गात सांगायचीस तसे. मुख्याध्यापिकाबाईंना मी तसे कळवले आहे. फक्त पहिली पंधरा मिनिटे मध्ये बोलू नकोस. त्यातही चुका असतील, पण तेवढा भाग मला फार आवडतो.