नऊनंतरचं जळगाव

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार. सकाळी ६.१०
काल जेवताना समीक्षाने बॉम्ब टाकला. पुण्याच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलंय. २० डिसेंबरच्या आत कळवायचं, ५ जानेवारीला जॉइन. मी शांतपणे विचारलं, इथे काय कमी आहे? एम.कॉम. झाल्यापासून सीएच्या ऑफिसात चांगली रुळली आहेस. ती म्हणाली, पप्पा, तिथे पुढे वाव आहे, शिकायला मिळेल, आणि इथे तर नऊला शटर पडतं, त्यानंतर माणसाने करायचं काय?
म्हणजे प्रश्न नोकरीचा नाहीच. प्रश्न नाइटलाइफचा आहे. लताच्या हे लक्षात आलं नाही, ती भाकरी थापत राहिली. माझ्या लगेच लक्षात आलं. शिक्षण संस्थेत सव्वीस वर्षं हेडक्लार्की केली की फाइल न उघडता आत काय आहे ते कळतं.
एकुलती एक मुलगी गेली तर मला व्यक्तिशः काही फरक पडत नाही. पण शहराचं नुकसान आहे.
संकल्प: २० डिसेंबरच्या आत जळगावात नाइटलाइफ सुरू करणे. बेचाळीस दिवस आहेत. भरपूर झाले.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.२५
काल रात्री दहाला बाजारात जाऊन पाहणी करायची होती. साडेनऊला पाच मिनिटं टेकलो. आता उजाडलंय. लताला विचारलं, उठवलं का नाहीस? ती म्हणाली, घोरत होतात. याला उत्तर म्हणत नाहीत.
आज नक्की.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी
कालही तेच. हवा बदलली आहे, सगळ्यांनाच झोप येतेय.

१२ नोव्हेंबर, बुधवार. रात्री ९.२०
पाहणी पार पडली. सोयीसाठी वेळ सव्वाआठ केली.
बाजाररस्त्याच्या तोंडाशी मोठा बोर्ड लागलाय. रस्त्याचा विकास होणार. चित्रात गुळगुळीत फरशी, पिवळे दिवे, बाकं आणि फुगे धरलेली गोरीपान माणसं. ओळखीचा एकही चेहरा नाही. पण कल्पना उत्तम.
दुकानदारांची मतं घेतली. कापडवाला: आधी पार्किंग द्या. भांडीवाला: आधी गटार झाका. मोबाइल कव्हरवाला: फरशी बसवतील आणि महिन्यात केबलसाठी उखडतील. चपलांच्या दुकानातल्या ताई म्हणाल्या, दिवे लावा हो भाऊ, आम्हा बायकांना बरं पडतं, पण नऊला बंद करा. नाइटलाइफचं विचारलं तर तिघांनी शटर ओढलं. पावणेनऊ झाले होते.
लोकांत सुप्त उत्साह आहे.
घरी आलो तर मायलेकी काहीतरी बोलत होत्या, मला बघून थांबल्या. मी निष्कर्ष सांगायला बसलो. समीक्षा म्हणाली, पप्पा, मलाही एक सांगायचंय. म्हटलं, आधी गटाराचा मुद्दा पूर्ण होऊ दे. तो पूर्ण होईपर्यंत मला जांभया यायला लागल्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार
नाइटलाइफला खाणं लागतं, आणि खाणं म्हटलं की निंबाभाऊ. पारोळ्याकडचा माणूस, वीस वर्षं बाजाररस्त्यावर शेवभाजीचा गाडा लावतो. त्याचा रस्सा खाताना माणूस नाक पुसतो, घाम पुसतो आणि वाटी पुन्हा पुढे करतो. त्याला म्हटलं, रात्री बारापर्यंत गाडा चालू ठेव, इतिहासात नाव होईल.
तो म्हणाला, नऊ वाजे कोन जेवस भाऊ?
मी म्हटलं, पुण्या-मुंबईत लोक अकराला जेवतात. त्याला मनापासून वाईट वाटलं. त्यासले घर नही का, म्हणाला.
बोर्डाबद्दलही त्याचं मत चांगलं नाही. दिवा लावतीन आन् मना गाडा उठाडतीन. मी म्हटलं, माझ्या आराखड्यात तुझा गाडा मधोमध आहे. त्याने विचारलं, आराखडा कोठे शे? तो मनात आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार. धुळे
अभ्यासदौरा. लताचा भाऊ प्रशील कायम फोनवर ऐकवत असतो की जळगाव म्हणजे नुसतं सोनं आणि केळी, रात्र बघायची तर धुळ्याला या. म्हणून काल तिघंही आलो. समीक्षा स्वतःहून निघाली. मामा-मामीला भेटायचंच होतं म्हणाली. मामीने तिला ड्रेस दिला आणि डोळे पुसले. धुळ्याची माणसं हळवी.
रात्री प्रशीलने सोनगीरच्या रस्त्याला हायवेवरच्या ढाब्यावर नेलं. नोंदी: चाळीसेक ट्रक. शेवभाजी चांगली, तरी आमच्या निंबाभाऊपुढे नाही. ड्रायव्हर लोक खाटांवर आडवे. ग्राहकाच्या बाजूने अनुभव घ्यावा म्हणून मीही एका खाटेवर आडवा झालो.
सकाळी प्रशीलच्या घरी जाग आली. समीक्षाच्या मोबाइलवर फोटो आहे: दोन ड्रायव्हर, मधे मी, तिघांचीही तोंडं उघडी. पोट धरून हसत होती. तो फोटो कुणाला पाठवू नकोस म्हटलं. पाठवून झाला होता.
निष्कर्ष: धुळ्यात नाइटलाइफ नाही. हायवे आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
घरात मोठी ट्रॉली बॅग आली आहे. लताच्या माहेरी कुणाचं लग्न असावं. मला कोणी काही सांगत नाही.
‘जळगाव रात्रजीवन मंच’ स्थापन केला. अध्यक्ष मी. सचिव आमच्या ऑफिसातला योगराज. त्याने अट घातली की मीटिंग दुपारी घ्यायची.

२ डिसेंबर, मंगळवार
रस्त्याच्या विकासावर नागरिकांच्या सूचना ऐकायची सभा. ऑफिसातून हाफ डे. दीड तास पार्किंग, पाऊण तास गटार, वीस मिनिटं मोकाट गुरं. मग मला माइक मिळाला. मी म्हटलं, शहर रात्री जिवंत राहिलं तर तरुण पिढी इथे थांबेल. आवाज जरा कापला, माइक खराब होता.
पुढच्या रांगेतले एक आबा उठले आणि म्हणाले, भाऊ, सरळ सांगा, दारूचं लायसन्स मागता का? सभागृह हसलं. मी म्हटलं, नाही आबा, भरीत. तेव्हा टाळ्या पडल्या.
त्या टाळ्यांतूनच दिशा मिळाली.

६ डिसेंबर, शनिवार
सकाळी तिघंही पांढऱ्या कपड्यांत बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करून आलो. आज बाकी काही लिहायचं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार
ठरलं. शनिवार, १३ तारीख. मेहरूणला तलावाजवळ योगराजचा मोकळा प्लॉट आहे, तिथे ‘भरीत नाइट’. वेळ रात्री नऊ ते बारा. भरीत सगळे करतात, पण शेतात, संध्याकाळी. तेच दिव्यांच्या माळांखाली अकरा वाजता खाल्लं की नाइटलाइफ झालं. इतकं सोपं कुणालाच कसं सुचलं नाही?
पत्रिका छापल्या. गल्ली, ऑफिस, चपलांच्या ताई, सभेतले आबा, सगळ्यांना दिल्या. समीक्षा आपणहून म्हणाली, वाढायला मी आहे पप्पा. बघा. मुलगी वळते आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार
वांगी आली. हिरवी, पांढऱ्या रेषांची, एकेक तान्ह्या बाळाएवढं. ती भाजायला कपाशीच्या काड्यांचे भारे आले. भरीत निंबाभाऊ करणार आहे. मी गॅसची शेगडी सुचवली होती. निंबाभाऊ माझ्याशी अर्धा तास बोलला नाही.
एकच धोका आहे: माझी झोप. त्यावर उपाय काढलाय. उद्या दुपारी चारला झोपायचं, सव्वाआठचा अलार्म, मग रात्री बारापर्यंत ताजातवाना. नियोजन म्हणतात ते हे.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी ७
काल ठरल्याप्रमाणे झोपलो, ठरल्याप्रमाणे उठलो. आंघोळ केली, जाकीट घातलं. मायलेकी आधीच गेल्या होत्या. बरोबर नऊच्या ठोक्याला मेहरूणला पोचलो.
निंबाभाऊ पातेलं घासत होता.
बठ्ठा जेवी ग्यात, म्हणाला. सगळे जेवून गेलेसुद्धा.
चौकशीअंती कळलं ते असं. पत्रिकेवर नऊ ते बारा वाचून लोकांना वाटलं की ही मागे राहणाऱ्यांची सोय आहे, आपण वेळेवर जावं. साडेसहापासून रांग लागली. निंबाभाऊने अंधार पडायच्या आत जाळ केला होता, कारण काळोखात वांगं भाजलं की करपलं हे कळत नाही. लाकडी भांड्यात ठेचलं, फोडणी दिली. गरम भरीत समोर आहे आणि नऊची वाट बघा, हे जळगावच्या माणसाला सांगायचं धाडस कोणी केलं नाही. सत्तर माणसं जेवली. आबांनी दोनदा घेतलं. चपलांच्या ताईंनी गाणं म्हटलं. सव्वाआठला सगळे हात धुऊन, माझं कौतुक करून घरी गेले.
मला का नाही उठवलं, हे विचारायलाही मंचाचं कोणी उरलं नव्हतं. योगराजसुद्धा झोपायला गेला होता.
समीक्षाने माझं ताट झाकून ठेवलं होतं. भरीत गार, भाकरी गार. लता भांडी आवरत होती, समीक्षा आणि मी तलावाच्या बाजूला बसलो. खाता खाता मी तिला टप्पा दोन सांगितला: बोटिंग, रात्रीची. ती माझ्याच ताटातलं भरीत चिमटीने खात होती, लहानपणी खायची तसं. म्हणाली, पप्पा, आज खूप मजा आली. मी म्हटलं, अजून बघ तू. ती नाक ओढत होती. तलावाच्या हवेने सर्दी झाली असावी.
एकूण कार्यक्रम यशस्वी. वेळेत थोडी दुरुस्ती हवी.

१७ डिसेंबर, बुधवार
टप्पा दोनचं निवेदन लिहिलं. योगराज सही करत नाही, त्याला पाण्याची भीती वाटते.

२० डिसेंबर, शनिवार. दुपारी ३
आज मुदत. सकाळी चहाला समीक्षाला समोर बसवलं आणि म्हटलं, मी माझ्या बाजूने वातावरण तयार केलंय, आता कळव कंपनीला तुझा निर्णय.
ती लताकडे बघायला लागली. मग म्हणाली, पप्पा, मी कळवलंय. कधी? बारा नोव्हेंबरला. त्याच दिवशी सांगणार होते, तुमचं गटाराचं चाललं होतं. नंतर रोज सांगायचं ठरवत होते, पण तुम्ही इतके खूश होता.
लता म्हणाली, ती बॅग काय तुम्हाला शोभेची वाटली?
म्हणजे धुळ्याला मामीला माहीत होतं. मेहरूणला निंबाभाऊलाही माहीत होतं, त्याने तिला मसाल्याची पुडी बांधून दिली आहे. अख्ख्या जळगावात एक मीच नाइटलाइफ करत होतो.
खूप राग आला. चप्पल घालून बाजाररस्त्यापर्यंत गेलो. बोर्डासमोर उभा राहिलो. तोवर राग गेला होता, आणि तिथेच रडू यायला लागलं. भर दुपारी, माणसांत. मोबाइल कव्हरवाल्याने खुर्ची दिली, पाणी दिलं.
ती जाऊ नये असं मला वाटतं. पाहणीबिहणी सगळं त्यासाठी होतं. हे तिला एकदा सरळ म्हणायला हवं होतं. आता म्हटलं तर ती थांबेलही, आणि तिने थांबायचं नाहीये.

४ जानेवारी २०२६, रविवार. रात्री १.४०
काल रात्री दहाच्या ट्रॅव्हल्सने समीक्षा गेली.
साडेनऊला आम्ही स्टॉपवर पोचलो आणि मी बघतच राहिलो. ही गर्दी. पुण्याच्या चार, मुंबईच्या दोन गाड्या लागलेल्या. चहाचे तीन गाडे, भज्यांची कढई, कणसं, पाणीपुरी. लाइटी लखलख. तरुण पोरंपोरी शंभर तरी असतील, मोबाइलवर गाणी, हसणं, हाका. म्हातारी माणसं, लहान मुलं कडेवर. चोपड्याचं एक कुटुंब तर सतरंजी टाकून बसलं होतं. जळगावात रात्री पावणेदहाला, आणि मला हे कोणी सांगितलं नाही.
समीक्षा सीटवर बॅग ठेवत होती. मी खिडकी वाजवून तिला खाली बोलावलं. म्हटलं, बघ, आपल्या गावात बघ, ही गर्दी. तिने बघितलं. म्हणाली, पप्पा, हे सगळे सोडायला आलेत.
मग मी नीट बघितलं. प्रत्येक पोराच्या हातात पिशवी होती आणि प्रत्येक पिशवीत डबा. बाप लोक उगाच टायर बघत होते. मीही आमच्या गाडीचे बघितले, सगळे ठीक होते. तिला म्हटलं, पोचलीस की फोन कर. दुसरं खूप काही म्हणायचं होतं. तिने लताला मिठी मारली, मग मला मारली. ती मिठी चांगली लांब होती आणि हॉर्न वाजला.
एकामागून एक सहाही गाड्या गेल्या. आम्ही हात हलवत होतो तेवढ्यात मागे खडखड सुरू झाली. चोपड्याच्या लोकांनी सतरंजी झटकली. कणसंवाल्याने निखाऱ्यावर पाणी ओतलं. भजीवाल्याने अर्धी भरलेली कढई खाली उतरवून गॅस बंद केला.
मी त्याला म्हटलं, अरे, दहा वाजून पाचच मिनिटं झालीत, इतक्यात का?
तो म्हणाला, आता कोन शे भाऊ?