तुराट्यांवरची शेवंड

धनज, मंगळवार

प्रिय प्रज्वल,

तुझं थर्माकोलचं खोकं पोचलं, उघडलं, आणि त्यातून जे निघालं त्यानं घरात न् गावात असा काही धिंगाणा घातला की फोनवर सांगायला बसले असते तर मलाच दम लागला असता. म्हणून तुझा फोन आला तेव्हा ‘पोचलं रे, मग बोलू’ म्हणून मी तुला कटवलं. रागावू नको. आता सगळं सांगते, आणि पहिल्यापासून सांगते. शेवट आधी सांगितला तर तू मधलं वाचणार नाहीस, आणि खरी मजा मधेच आहे.

तू म्हणाला होतास, ‘आई, बाबांनी एक घास खाल्ला तरी पुरे. आणि खाताना त्यांचं तोंड कसं झालं तेवढं सांग.’ चांगलं सोपं काम सांगितलंस बाबा! तू कृषी कॉलेज सोडून मालवणला हॉटेलाच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलास, तेव्हापासून या घरातलं टेलिफोन एक्स्चेंज मी आहे. तुझा फोन आला की हे उठून गोठ्यात जातात आणि तिथून ओरडतात, ‘त्याले सांग, तूर सोंगून झाली!’ तू तिकडून म्हणतोस, ‘त्यांना सांग, बीपीची गोळी चुकवू नका.’ दोघांचे आवाज दोघांना स्वच्छ ऐकू येतात, तरी माझी सही-शिक्का झाल्याशिवाय एकही वाक्य पुढे सरकत नाही. इतकी वर्षं ह्यांचं एकच पालुपद: ‘पाटलाच्या घरचं पोरगं, आन् लोकायची ताटं भरून राह्यलं.’ तेव्हा खोक्यातली तुझी शेवंड, तो समुद्रातला लॉबस्टर, म्हणजे नुसती खायची वस्तू नव्हती, हे मला कळत होतं. ती आवडली तर तुझ्या कामाला मान. नाही आवडली तर ‘पाय, यासाठी शेती सोडली पोट्ट्यानं’ हे मला जन्मभर ऐकायचं.

तुझा नागपूरचा मित्र समृद्धी महामार्गावरून जाताना कारंजाच्या टोलनाक्यापाशी खोकं देणार होता. मी म्हटलं, जाता का? तर म्हणे, ‘त्याचा माल, तू पाय. मले खत पाह्यचं हाय कारंजाले.’ आणि खत पाहून येताना खोकं घेऊन आले, ‘रस्त्यातच होतं’ म्हणून. खताचं दुकान आणि टोलनाका, दोघांची तोंडं दोन दिशांना आहेत. 

मोटरसायकलला बांधलेलं ते पांढरं खोकं पाहून गावाला वाटलं, गुराढोरांची लस आली. आपल्याकडे थर्माकोलात दुसरं येतंच काय? रुख्मिणीकाकू भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, ‘इंद्रभानभाऊ, आमच्या म्हशीलेई टोचा बाप्पा एक, लय लाथा मारते.’ बाबांनी झाकण काढलं, बर्फ बाजूला सारला आणि चार शेपट्या बाहेर काढून अंगणात परातीत ठेवल्या. काळपट हिरव्या, चिलखत घातलेल्या, ठिपक्याठिपक्यांच्या. काकू दोन पावलं मागे सरल्या. तेवढ्यात तांड्यावरचे लखीरामभाऊ आले. मटणाचा वास येण्याच्याही आधी हा माणूस कसा हजर होतो, हे मला आजवर उमगलेलं नाही. बाबांनी एक शेपटी उचलली, उलटीपालटी केली आणि विचारलं, ‘याचं डोकं कुठी हाय?’ मी म्हटलं, ‘शेपटीच खातात म्हणे.’ झालं! ‘मंजे डोकं ठेवलं थ्या हॉटेलवाल्यानं, आन् बापाले धाडली शेपटी!’ लखीरामभाऊंनी तेल ओतलं, ‘मालक, बकऱ्याची शेपटी तं आपन कुत्र्यालेई देत नाई.’

आता प्रश्न आला, शिजवणार कोण. तुला आपल्या घरचा नेम माहीत आहे. मांस-मच्छी घरातल्या चुलीवर चढत नाही. अंगणात निंबाखाली तीन दगड, तिथे गडीमाणसांनी रांधायचं, बायांनी ओसरी न उतरता मसाला वाटून द्यायचा, भाकरी थापायच्या, आणि ‘कसं झालं’ विचारल्यावर ‘झकास’ म्हणायचं. तुझ्या आजीनं घातलेला हा नेम मी मोडलेला नाही, कारण त्यात माझी सोय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तुझे बाबा तिथे अख्खं बकरं शिजवतात, कांदा कितपत लाल झाला हे नुसत्या वासावरून सांगतात, आणि ताटंही स्वतःच्या हातानं भरतात. पण तो स्वयंपाक नव्हे हं. त्याला ‘पार्टी’ म्हणतात. पगार घेऊन केलं की स्वयंपाक, फुकटात केलं की पार्टी! हे मी त्यांना त्याच दिवशी ऐकवलं. ते चूल पेटवायला लागले, म्हणजे लागलं बरोबर.

आणि मग त्यांनी घोळ घातला. तू तो भला मोठा मेसेज पाठवला होतास, शेवंड कशी वाफवायची त्याचा. मी वाचून दाखवायला लागले तर म्हणाले, ‘मले लिहेलं वाचून रांधता येत नाई.’ आपल्याकडे मटण शिजलं कधी समजायचं? हाडानं मांस सोडलं की. त्यांनी दोन शेपट्या अख्ख्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात टाकल्या आणि हाड सुटायची वाट पाहत बसले. वर तेलाची तरी आली. मसाला आटला, पुन्हा पाणी घातलं, पुन्हा आटलं. हाड काही सुटेना. शेवटी लखीरामभाऊ पळीनं शेपटी वर उचलून म्हणाले, ‘मालक, याचं हाड तं बाह्यर हाय न् मांस अंदर! हे मांस हाड सोडन कसं? त्याले जायाले जागाच नाई!’ फोडून खाल्लं. म्हणजे चावलं. चावतच राहिले. बाबांच्या जबड्याची शीर फुगलेली मला ओसरीवरून दिसत होती. ‘हे तं ट्रॅक्टरचं टूप हाय,’ लखीरामभाऊंनी जाहीर केलं. मोत्या कुत्र्यानंही एक तुकडा नुसता हुंगला आणि आपल्या जागेवर परत जाऊन पडला. बाबांनी हात धुतले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘यासाठी गेला तो.’

दोन उरल्या होत्या. मी ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिले आणि म्हटलं, ‘थांबा. वाफ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही, मला आहे.’ नागपंचमीला आपल्याकडे तवा नाही, विळी नाही, कढई नाही. या घरात आले तेव्हापासून मी दरवर्षी तुराट्यांवर, तुरीच्या वाळक्या काड्यांवर, कानोले उकडते आहे. वाफेला काय लागतं ते मला हॉटेलात शिकायला जायची गरज नाही. (तुला टोमणा नाही. थोडा आहे.) नेमाप्रमाणे मी खाली उतरणार नव्हते. पण ओसरीवरून तोंड चालवायला आजीनं बंदी केलेली नाही!

मग जे झालं, ते तू पाहायला हवं होतंस. मी वरून हुकूम सोडतेय आणि खाली पाटील राबतायत. मसाल्याचं पातेलं घासायला लावलं. तळाशी पाणी, त्यावर तुराट्या मोडून आडव्या-उभ्या रचल्या, पाण्याला टेकणार नाहीत अशा. तुझ्या मेसेजप्रमाणे कवच वरून उभं कापायचं होतं. सुरी घसरायला लागली, तेव्हा बाबांनीच डोकं चालवलं. संत्र्याच्या छाटणीची कात्री आणली, उकळत्या पाण्यानं धुतली आणि कर्रकर्र कापत गेले, फांदी कापावी तसे. डोळे चकाकले त्यांचे! ‘हे पाय, कशी सरळ गेली!’ आत मांस पांढुरकं, काचेसारखं. त्यावर घरचं लोणी, ठेचलेला लसूण, एक हिरवी मिरची, मीठ. शेपट्या तुराट्यांवर मांडल्या, ओलं फडकं बांधलेलं झाकण बसवलं आणि त्यावर पाटा.

तूर सहा महिने शेतात उभी राहते तेव्हा न कंटाळणारा माणूस वाफेसाठी सहा मिनिटं थांबेना. तिसऱ्यांदा झाकणाकडे हात गेला तेव्हा मी अशी ओरडले की रुख्मिणीकाकूंची म्हैस उठून उभी राहिली. मेसेज वाचत होते मी: कवच लाल झालं, मांस दुधासारखं पांढरं झालं की त्याच क्षणी उतरव, क्षणभर जास्त नको. शेवटी म्हटलं, ‘उघडा आता.’ वाफेचा लोट आला, लोण्या-लसणाचा वास अंगणभर पसरला, आणि तुझे बाबा लहान पोरासारखे ओरडले, ‘अवं प्रज्वलच्या माय! पाय तं इकडं! हिरवं टाकलं होतं, लालभडक झालं! पळसाच्या फुलावानी!’ मी तुझ्या आजीचा नेम मोडला रे. चप्पल न घालता अंगणात धावले.

पहिला घास त्यांनी घेतला. एकदा चावलं. थांबले. मग हळूहळू चावत राहिले, डोळे चुलीकडे. लखीरामभाऊंना राहवेना. ‘बोला ना मालक, का पुन्हा टूपच हाय?’ घास गिळून म्हणाले, ‘मीठ थोडं कमी हाय.’ प्रज्वल, लग्नानंतर माझ्या कोणत्याही पदार्थाला याच्यावरचं सर्टिफिकेट मिळालेलं नाही! मीही चाखली. ओल्या भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगेसारखी गोड, आणि लुसलुशीत. काकूंनी ‘नको बाप्पा’ म्हणत म्हणत दोन तुकडे खाल्ले. लखीरामभाऊंनी कवच चोखलं आणि म्हणाले, ‘खरा माल तं देवानं शेपटीतच झाकून ठेवला.’ आणि मग, सगळे हात धुवायला उठले तेव्हा, बाबा कवच हातात धरून बसूनच होते. मला विचारलं, ‘हे रोज करते तो?’ मी म्हटलं, ‘रोज. एका वेळी पाच-पाच चुली.’ ‘आन् कोनती कधी उतरवाची, हे ध्यानात कसं राह्यते त्याच्या?’ मी म्हटलं, ‘त्यालाच विचारा.’ तुझा नंबर काढून फोन हातात दिला. त्यांनी तुझा फोटो पाहिला, अंगठा बटणापर्यंत नेला, आणि फोन परत दिला. ‘रेंज नाई.’ सगळ्या दांड्या भरलेल्या होत्या.

तेव्हापासून या घरात जे सापडेल ते तुराट्यांवर चढतं आहे. वांगी वाफवून झाली, अंडी झाली, अडाण धरणातली मरळ मासळी आणून तीही झाली, आणि ती फार सुरेख झाली. पानठेल्यावर बसून ‘घड्याळ नाई पाह्यचं, रंग पाह्यचा’ असं व्याख्यान चालतं. कोणी विचारलं, कुठी शिकले, तर म्हणतात, ‘माह्या पोराचं काम हाय थे.’ हे मला लखीरामभाऊंनी सांगितलं. घरात अजून ‘माह्या पोराचं’ हा शब्द आलेला नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. काल हे ओसरीवर येऊन बसले, टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, ‘बिनकामाचं जावं कसं मानसानं कोनाच्या दारात? तू एक चिठ्ठी लिहून दे त्याले. मी नेऊन देतो.’ धनजहून मालवणपर्यंत, रे! ज्या माणसानं कारंजाच्या बाजारालाही कधी कामाशिवाय पाऊल टाकलं नाही, त्यानं स्वतःला टपालवाल्याची नोकरी लावून घेतली. म्हणून मी लिहायला बसले, आणि मुद्दाम लांबलचक लिहिलं, म्हणजे पाकीट जड लागेल आणि एवढ्या दुरून आल्यासारखं वाटेल. तेव्हा आता तू हे वाचतो आहेस, आणि तुझे बाबा समोर उभे राहून समुद्राकडे पाहत असतील, जसं काही समुद्रच पाहायला आले होते. लगेच परत निघतो म्हणतील. ‘कसे आलात’ विचारू नको, ‘चिठ्ठी द्याले’ हे उत्तर पाठ करून आलेत. पाया पडून पाहुण्यासारखं खुर्चीतही बसवू नको, अवघडतील. सरळ आत घेऊन जा, तुझ्या चुलीपाशी उभं कर, आणि एखाद्या पातेल्याकडे बोट दाखवून विचार, ‘बाबा, रंग पाहा बरं, उतरवू का?’ पुढचं त्यांना बोलता येतं. मध्ये मी नको.

तुझीच,
आई