टोपलीखालचा हंस

काल्हेर, ता. भिवंडी
शनिवार, १७ जानेवारी २००४

रुचिका बाय,

बापाचा आशीर्वाद. इकडं सगळं ठीक हाय. तू माझा फोन उचलत न्हाईस, म्हणून ही चिठ्ठी तुझ्या धनेशदादाच्या हाती देतोय. तो आजच मुंबईला निघालाय.

खबर अशी, की गेल्या रविवारी शाळेचे रामनाथ सर पोरांना पाखरं दाखवायला खाडीवर आले. होडी माझी. वल्हवता वल्हवता मलाच पहिला दिसला! राखाडी हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे. सर दुर्बीण घेऊन उठून उभेच राहिले, होडी कलंडायची तेवढी बाकी होती. म्हणाले, "बाळारामभाऊ, हा हिमालय ओलांडून येतो. आपल्या खाडीत वीस वर्षांत मी पाहिला नाही." शपथ सांगतो... जाऊ दे, शपथ नको. पण छाती फुगली माझी. तू पाहिजे होतीस.

उद्या सर ठाण्याहून माणसं घेऊन तो हंस बघायला येणार हायत. आणि हंस आपल्या घरात टोपलीखाली हाय.

चिडू नको, आधी वाच. काल सकाळी पाखरं धरायच्या फाशात अडकलेला मिळाला. पाय सोलवटलाय, एक पंख लोंबतोय. हळद भरली. भाताला, गवताला शिवत न्हाय. तू जनावरांची डॉक्टरकी शिकतेस, तुलाच कळेल. मला काय बी सुचत न्हाय गं.

फासा माझाच. गणपतीत तुझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, पुन्हा लावणार न्हाय. तरी तू रागानं गेलीस ती फिरकली न्हाईस. आता मी शपथ मोडली. तुझ्या जिवाला काही झालं तर, या भीतीनं घास उतरत न्हाय.

सगळं ठीक न्हाय, बाय. तुझी आई दोन महिने खाटेवर हाय. पोटात गाठ. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. पोरीची परीक्षा हाय, लिहू नको, असं तिनं मला बजावलंय. काही खात न्हाय. गुरुवारी म्हणाली, "खाडीचं बदक खावंसं वाटतं." एवढंच मागितलं तिनं. हंस त्या टोकाला असायचा म्हणून मी या बाजूला एकच फासा लावला.

आता तिनं टोपली खाटेजवळ ठेवून घेतलीय. म्हणते, "मला नको. रुची आली की बरा करील त्याला."

ये गं. माझं तोंड बघू नको, बोलू नको, चालेल. आईनं विचारलं तर हंसासाठी आले म्हण.

तुझ्या डोक्याची शपथ मोडलेला,
तुझा बाप
बाळाराम