खिशात मावणारी पेटी

१८ फेब्रुवारी २००६, ब्रॅकनेल, इंग्लंड

पेटी मुकीच. नऊ व्होल्टची बॅटरी, चिप, माइक, बारका स्पीकर — लायब्ररीच्या पुस्तकात दाखवलंय तस्सं जोडलं. काही नाही. सगळी नोकरी पोस्टात गेली. वायर सोलायला आता या वयात शिकतोय.

अनुपला वाटतं, बाबा रेडिओ करतायत, बरा वेळ जातोय. वाटू दे. मला कमी ऐकू येतं हे मुलाला कळलं की संपलंच — 'पुण्यात एकटे कसे राहणार?' एप्रिलमध्ये मला कोथरूडला माझ्या घरी जायचंय. बायको गेली, सुलक्षणा नाही, तरी घर माझंच आहे ना! दवाखान्यातलं कानाचं यंत्र चारचौघांत दिसतं. आवाज मोठा करणारी ही पेटी एकदा चालली की खिशात, स्पीकरऐवजी कानाला हेडफोन. लोकांना वाटेल, म्हातारा गाणी ऐकतोय.

१९ फेब्रुवारी

चिप उलटी बसवली होती. खाच डावीकडे हवी. गाढव!

२२ फेब्रुवारी

फजिती. मी आपला वायरीला दिलेला डाग नीट बसलाय का ते भिंगातून बघतोय, तेवढ्यात सूनबाई नीना कानांवर हात ठेवून जिना चढून आली. तिचा चेहरा बघूनच बटण बंद केलं. मग जवळ येऊन म्हणाली, "बाबा, केवढी शिट्टी वाजत होती! खाली किचनपर्यंत. तुम्हाला त्रास नाही झाला?"

"टेस्टिंग," म्हणालो. मला ती शिट्टी अजिबात ऐकू आली नव्हती.

पुस्तक म्हणतं, माइक स्पीकरच्या समोर ठेवला की असं होतं. स्पीकर काढून टाकला. आता हेडफोन.

२५ फेब्रुवारी

जेवताना अनुप बराच वेळ बोलला. शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा घोंघावतोय, त्यात याच्या तोंडात घास. 'पुणे' तेवढं कळलं. तिकिटाचं असणार. नेहमीसारखं म्हटलं, "हो हो. तुला योग्य वाटेल तसं कर."

त्याने माझ्या हातावर हात ठेवला. नीनाच्या डोळ्यांत पाणी. एका तिकिटासाठी एवढं?

२८ फेब्रुवारी

हेडफोनमध्ये नुसती खरखर. पण ऐकू आली!

४ मार्च

चालली! किटलीचा खटका ऐकला. बाहेर गल्लीत कुणीतरी कारचं दार लावलं, तेही. किती दिवसांनी! माइक हातात धरून लहान मुलासारखा वर-खाली हिंडलो.

हॉलमध्ये अनुप फोनवर होता. माझ्या भावाशी.

"नाही संजयकाका, फोर्स कशाला करू? मी स्वतः विचारलं. ही इज ओके विथ इट. फ्लॅट विकायचा आणि बाबांनी इथेच राहायचं. मंडेला सह्या घेतो."

जिन्याच्या पायरीवरच बसलो. रागवायचं कुणावर? पोराने विचारलं होतं. 'हो' मीच म्हणालो. घर राखायला बहिरेपण लपवलं, आणि त्यापायी घरच देऊन बसलो.

दोन दिवस आहेत. सही करणार नाही म्हणावं, तर हो का म्हणालात ते विचारेल.

६ मार्च

अनुपने कागद पुढे केले, वर पेन ठेवलं. मी खिशातून पेटी काढून त्या कागदांवर ठेवली. नीनासमोरच हेडफोन घातला, माइक त्याच्याकडे वळवला.

"आता पहिल्यापासून सांग," म्हणालो. "त्या दिवशी मला काही ऐकू आलं नव्हतं."