अर्ध्यावरचा झेंडा

स्टेनहोल्म बेट, ४ फेब्रुवारी १९९४

चि. आस्गर यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. मी ठीक आहे. बोलायला कोणी नसलं की माणूस जेवढं ठीक असतं, तेवढी.

काल शाळेतली दोन मुलं माझी मुलाखत घ्यायला आली होती. सिल्ले पंधराची, यूलिउस तिच्याच वर्गातला. बेटावरच्या म्हाताऱ्यांची माहिती गोळा करताहेत. धुरीघरात हेरिंग मासे कसे टांगायचे, हिवाळ्यातली बोट बंद झाली तर काय कराल, सगळं खोदून खोदून विचारलं. भावाकडे पोहत जाईन म्हटलं, तर यूलिउसने तेही लिहून घेतलं!

मग सिल्लेने विचारलं, तुमच्याकडे येतं-जातं कोण? थाप मारली रे, की भाऊ माझ्या दर वाढदिवसाला येतो, रिवाजाप्रमाणे अंगणात झेंडा चढवतो आणि आम्ही केक खातो. आता सतरा मार्चला, माझ्या वाढदिवशी, ती दोघं तुझा फोटो काढायला येणार आहेत. माझी लाज राख. एक दिवस ये.

तुझी,
थोराताई

स्वेनबोर्ग, २० फेब्रुवारी

ती. थोराताईस,

सा. न. वि. वि. तुझी थाप वाचून पोट धरून हसलो. लहानपणीही थापा तू मारायचीस आणि निस्तरायचो मी!

यायचं फार मनात आहे, पण गुडघा ऐकत नाही. बोटीच्या जिन्याचं नाव काढलं तरी ठणकतो. उन्हाळ्यात बघू. मुलांना सांग, भावाला सर्दी झालीय. माझ्या वाटचा केकही तूच खा. राग मानू नकोस, लोभ आहे तसा असू दे.

तुझा,
आस्गर

स्टेनहोल्म बेट, १८ मार्च

चि. आस्गर यास,

आशीर्वाद. तुझी सर्दी मी मुलांना सांगितली. मग तुझं काम आपणच करू, असं त्यांनी परस्पर ठरवलं. काल मी उठायच्या आत झेंडा चढवायला घेतला आणि दोरी नेमकी अर्ध्यावर अडकली. अर्ध्यावरचा झेंडा म्हणजे घरातलं माणूस गेलं, हे ध्यानात यायच्या आत दोघं शिडी आणायला पळाली.

समोरच्या लिसने तो पाहिला आणि गावभर केलं. थोड्या वेळाने दार वाजलं. उघडते तर अर्धं गाव काळ्या कपड्यांत, हातात पांढरी फुलं! मला गाऊनमध्ये बघून बेकरीवाल्या बाई मटकन पायरीवर बसल्या. मग काय, हशाच हशा. खुर्च्या कमी पडल्या, कॉफी तीनदा ठेवली. वर्षानुवर्षं माझा उंबरा न ओलांडलेली माणसं केक खाऊन गेली. फार बरं वाटलं, आणि फार वाईटही.

सगळे गेल्यावर लिस घुटमळत राहिली. म्हणाली, तिने सगळ्यात आधी फोन तुला केला होता. तू काळा कोट घालून तिकडच्या बोटीच्या धक्क्यावर पोचलास, तिकीटही काढलंस. तेवढ्यात तिने तिकीटघरात फोन करून मी जिवंत असल्याचं कळवलं. आणि तू घरी परत गेलास.

मी खूप रडले, आस्गर. सिल्लेला खरं काय ते सांगून टाकलंय. काल गुडघा जिना चढायला तयार होता ना? मग त्याच तिकिटावर यायचं होतंस. काळ्या कोटात आला असतास तरी चाललं असतं.

लोभ असेल तर मी आहे तोवर दाखव.

तुझी,
थोराताई